गिरिपुष्पाचे बुडखे तोडल्यावर फुटतच नाहीत, दर वेळी हेच (वाळवीला शिव्या घालायच्या आधी वाचा)

आधी प्रॉब्लेम काय ते सांगतो. सासवडच्या पुढं आमचं दोन एकर रान आहे, अंजीर आणि थोडं सीताफळ, आणि पश्चिमेच्या बांधावर वाऱ्याला आडोसा म्हणून गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) ओळ लावलीय, मध्ये मध्ये सुबाभूळ. आषाढात तिकडं वारा असा सुटतो की अंजिराची पानं फाटून चिंध्या होतात आणि पाऊस म्हणाल तर नुसता शिपका. तर डोक्यात हिशोब असा होता की दर तीन वर्षांनी झाडं बुडातून तोडायची, लाकडं आईच्या बंबाला आणि बाहेरच्या चुलीला, बुडख्यातून, म्हणजे तोडून उरलेल्या खोडातून, धुमारे (नवे कोंब) फुटतील आणि कुंपण परत उभं राहील. कागदावर एकदम झकास. प्रत्यक्षात दर तोडणीला चाळीसातले दहा-बारा बुडखे ढिम्म. फुटायचेच नाहीत. मग तिथं नवीन खुंट (जाड फांद्यांचे तुकडे) ठोकायचे, ते जगेपर्यंत भगदाड, आणि भगदाडातून वारा आधीपेक्षा जोरात.

हे मी एकदा नाही तीनदा केलंय. प्रत्येक वेळी मेलेला बुडखा उकरला की आत वाळवी, मग वाळवीचं औषध आणून ओतलं, भरपूर पैसे घातले, पुढच्या वेळी परत तेच. शेवटी शेजारचे अण्णा, ज्यांच्या बांधावरची झाडं माझ्या आधीपासून तोडली जातायत आणि दर वेळी झुडूप होऊन वर येतात, ते माझं ओतकाम बघून म्हणाले, "दादा, वाळवी मेलेल्याला लागती, जित्याला न्हाय." नुकत्या लावलेल्या रोपाला ती जिवंतपणीही लागते हे खरं, पण मुरलेल्या बुडख्याच्या बाबतीत अण्णांचं बरोबर निघालं. ती चोर नाही, चोरी झाल्यावर जमलेली गर्दी आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे बुडखा खरंच मेलाय का ते बघा. नख किंवा चाकूचं टोक घ्या, जमिनीलगत माती थोडी बाजूला करा आणि साल हलकेच खरवडा. सालीखाली ओलसर हिरवा थर दिसला तर तिथं जीव आहे. तपकिरी, कोरडं, भुसा पडल्यासारखं असेल तर ती बाजू गेली. एकाच बाजूला बघून ठरवू नका, चारी बाजूंनी बघा, कारण माझ्या बऱ्याच बुडख्यांची पश्चिमेची बाजू पार वाळलेली आणि पूर्वेकडं हिरवं होतं. एक बुडखा तर मी उपटून टाकणारच होतो, पहार लावली होती, तेवढ्यात चहा आला म्हणून राहिलं, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या बुडातून, अगदी मातीला टेकून, करंगळीएवढे दोन लालसर कोंब वर आलेले. तेव्हापासून नियम केला की जुलैचा मध्य उलटल्याशिवाय कुठलाही बुडखा काढायचा नाही.

दुसरं, झाड कुठलं आहे ते बघा, कारण सगळीच झाडं तोडल्यावर फुटत नाहीत आणि हे कुणी आधी सांगत नाही. गिरिपुष्प, सुबाभूळ, काशिद, नीलगिरी, कडुनिंब, करंज, साग ही बुडातून मस्त फुटतात. सुरूचं झाड जवळपास नाहीच. सिल्व्हर ओकच्या वरच्या फांद्या छाटल्या तर फुटतो पण बुडातून उडवला की बहुतेक वेळा गेला. ऑस्ट्रेलियन बाभूळ जमिनीलगत तोडली की नाराज होते, तिला गुडघ्याच्या वर तरी खोड ठेवावं लागतं. आपली देशी बाभूळ, तिचं जळण एक नंबर, पण म्हातारी झालेली बाभूळ तोडली तर तिच्या फुटण्याच्या भरवशावर कुंपण आखू नका. फार्महाऊसच्या कडेला सुरूची ओळ लावून ती 'छाटून दाट करू' म्हणणारे दोघंतिघं मला माहितीयेत, आता तिथं नुसते खांब उभे आहेत.

झाड बरोबर असूनही मरत असेल तर मग वेळ. माझी मुख्य चूक हीच होती आणि ती कळायला सहा-सात वर्षं गेली. पेट्रोल करवतवाला एप्रिलमध्ये मोकळा असतो, भाव कमी करतो, मुलांना पण सुट्टी लागलेली असते, म्हणून आम्ही दर वेळी एप्रिलच्या शेवटी तोडायचो. आता झाडाच्या बाजूनं विचार करा. पावसाळाभर पानांनी जे कमावलं ते हिवाळ्यात मुळांत आणि बुडात साठवलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरिपुष्पाची पानं झडतात, फुलं येतात, आणि मग त्या साठ्यातून काढून काढून ते नवी पालवी फोडतं. पालवी फुटून दोन-तीन आठवडे झाले की खातं जवळपास रिकामं, नवीन पानांची कमाई अजून सुरू व्हायचीय, आणि नेमकं तेव्हा आम्ही करवत घेऊन हजर. वर चाळीस डिग्री ऊन, उघडा पडलेला बुडखा, साल सुकून लाकडापासून सुटते. त्यात फुटायला ताकद कुठून येणार.

द्राक्षवाल्यांची खरड छाटणी एप्रिलमध्येच असते, मग आमचं काय चुकलं, असा प्रश्न मीही अण्णांना विचारला होता. द्राक्षाला ठिबक आहे, खत आहे, ओलांडे (वेलीचे मुख्य हात) वर तारेवर तसेच ठेवलेले असतात, आणि आपला बांध कोरडाठाक. तुलनाच चुकीची.

आता आम्ही जळणासाठीची तोड डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा यातच करतो, पालवी हलायच्या आधी. डबल फायदा म्हणजे लाकडाला अख्खा उन्हाळा वाळायला मिळतो. मुळशी, भोर, वेल्हे भागात ज्यांची जागा आहे त्यांनी भर पावसात बुडातून तोडायच्या फंदात पडू नका, तिकडं पाऊस असा लागतो की कापलेला भाग महिनोन्महिने ओला राहतो, वर अळंबीच्या छत्र्या उगवतात आणि बुडखा आतून सडत जातो. पावसात हिरवळीच्या खतासाठी कोवळ्या फांद्या छाटून खाचरात टाकणं वेगळं, ते गिरिपुष्पाला चालतं, खोड तोडणं वेगळं. आणि मावळातले लोक राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) ऐनाची कवळं तोडतात ती पण हिवाळ्या-उन्हाळ्यातच आणि खोड उभं ठेवून, फांद्याच घेतात, झाड पिढ्यानपिढ्या तिथंच असतं. हे सगळं डोळ्यांसमोर असून मी यूट्यूबवर व्हिडिओ बघत बसलो होतो.

आता काप. हा भाग जवळून सांगतो कारण पंधरा मिनिटांच्या निष्काळजीपणाला तीन वर्षं भोगावी लागतात. नवीन धुमारे सालीखाली झोपलेल्या डोळ्यांतून आणि साल-लाकडाच्या मधल्या त्या हिरव्या थरातून येतात, म्हणजे बुडख्याची साल हीच तुमची ठेव. पेट्रोल करवतवाला घाईत एका बाजूनं कापत जातो, झाड स्वतःच्या वजनानं कलतं, आणि शेवटचे दोन बोटं न कापता फाटतात, त्या फाटण्याबरोबर सालीची लांब पट्टी थेट जमिनीपर्यंत सोलून निघते. मी मेलेले बुडखे नंतर एकेक तपासले तेव्हा निम्म्याहून जास्त ठिकाणी ही सोललेली पट्टी होती आणि वाळवीचा रस्ता तिथूनच आत गेलेला. उपाय साधाय. आधी कंबरेच्या उंचीवर झाड तोडून वजन उतरवायचं, मग उरलेलं खोड खाली नीट कापायचं, आणि ज्या बाजूला पडणार त्या बाजूनं आधी थोडी खाच घ्यायची. बारीक खोडं असतील तर धारदार कोयत्यानं खालून वर घाव घाला, वरून खाली घातला की खुंट चिरतो. बोथट कोयता असेल तर चहा प्या पण झाडाला हात लावू नका.

काप तिरका ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. उतार पश्चिमेच्या विरुद्ध दिशेला, निदान आमच्याकडं तरी, कारण पाऊस पश्चिमेकडून मारतो. उंची किती यावर लोक भांडतात. नीलगिरी, साग, सुबाभूळ जळणासाठी असेल तर जमिनीपासून वीतभर पुरे, बुडातले धुमारे घट्ट बसतात, काही स्वतःची मुळंही धरतात. गिरिपुष्प मी फूट-दीड फुटावर तोडतो. पाल्यासाठी वारंवार छाटायचं असेल तर कंबरेपर्यंत ठेवलेलं बरं. उंच बुडख्याचा तोटा म्हणजे वरच्या काठावरून फुटलेला धुमारा नुसता चिकटवल्यासारखा असतो आणि पहिल्या आषाढी वाऱ्यात खांद्यातून निखळतो.

कापावर बुरशी धरू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र, लोखंडी बादलीत अजिबात नाही, प्लॅस्टिकची घ्या. फक्त वरच्या कापावर, बाजूच्या सालीवर थापायची गरज नाही. शेण लावलं तरी चालतं असं म्हणणारे आहेत, मी लावून बघितलंय, ते वाळून खपली होऊन पडतं आणि खाली ओल राहते, मला नाही पटलं.

यानंतर शेळ्या. खरं सांगायचं तर वेळ आणि काप सुधारल्यावरही पाच-सहा बुडखे मरायचे आणि त्याचं कारण शेळ्या निघाल्या. गिरिपुष्पाचा वास जनावरांना आवडत नाही, शेळी तोंड लावत नाही, असं मी पण सगळ्यांना सांगत फिरायचो. सवय झाली की लावते, आणि मार्च-एप्रिलमध्ये माळावर हिरवं म्हणून फक्त तुमचे धुमारे असतील तर दोन दिवसांत सवय होते. एकदा खाल्लं तर झाड परत फुटतं. दुसऱ्यांदा खाल्लं तर बारीक, पिवळट फुटतं. तिसऱ्यांदा खाऊन गेल्या की साठा संपला, मग मे महिन्यात तुम्ही जाऊन म्हणता फुटलंच नाही. फुटलं होतं हो, तुम्ही वीकेंडला जाता, शेळ्या रोज जातात. बुडख्याच्या काठावर खुडलेल्या देठांचे छोटे छोटे वाळके टोक दिसतायत का बघा, ते असतील तर केस क्लोज.

शेळ्यावाल्या मावशींशी भांडून काही होत नाही (झालं नाही). त्याऐवजी तोडलेल्याच झाडांच्या काटक्या-शेंडे आणि जवळच्या बाभळीचे काटे बुडख्याभोवती वईसारखे (काटेरी कुंपणासारखे) रचले, एका बुडख्याला पाच मिनिटं लागतात, आणि धुमारे छातीएवढे होईपर्यंत ते तसेच ठेवले. शिवाय मावशींना सांगितलं की पावसाळ्यात छाटलेला सुबाभळीचा पाला तुम्हीच न्या, फक्त एकट्या सुबाभळीवर शेळ्या पोसू नका, इतर चाऱ्यात मिसळून द्या, त्यात मिमोसिन असतं आणि जास्त झालं की जनावराचे केस गळतात. आता त्याच इतर लोकांच्या शेळ्या हाकलतात.

आग पण बघून घ्या. फेब्रुवारीत बांधावरचं गवत पेटवायची आपल्याकडं खोड आहे, आग झर्रकन जाते, बुडखा जळालेला दिसत नाही, नुसता काळा पडतो, पण जमिनीलगतची साल भाजली की डोळे मेले. तोडलेल्या ओळीच्या दोन्ही बाजूंचं गवत हातानं काढून घ्या, हात-दोन हात रुंद.

सावलीचं पण एक. आमच्या ओळीच्या टोकाला मोठा निंब आहे, त्याच्याखालचे चार बुडखे कितीही लाड केले तरी दोन तोडींनंतर गेलेच. तिथं नवीन लावायचा नाद सोडला आणि अडुळसा लावला.

आता आडोशाचा प्रश्न, कारण सगळी ओळ एका वर्षी तोडली तर अंजिराला वारा कोण अडवणार. पहिल्यांदा मी हुशारी केली, एकाआड एक झाड तोडलं. तोडलेल्यांवर शेजारच्यांची सावली पडली, धुमारे उजेडासाठी वाकडे-तिकडे पळाले आणि निम्मे मागं राहिले. मग वीस-वीस फुटांचे तुकडे तोडले, तर त्या फटीतून वारा नळीतून यावा तसा जोरात, समोरच्या दोन अंजिरांची वाट. शेवटी आतल्या बाजूनं आठ फूट सोडून दुसरी ओळ लावली, ही बियांपासून केलेल्या रोपांची, कारण खुंट ठोकून लावलेल्या गिरिपुष्पाची मुळं वरवर पसरतात आणि बियांच्या रोपाचं मूळ खोल जातं, वाऱ्याला ते बरं. आता एक ओळ तोडली की दुसरी उभी असते. आणि भिंतीसारखं गच्च कुंपण करायच्या मागं लागू नका, गच्च आडोशावरून वारा उडी मारून पलीकडं भोवऱ्यासारखा आपटतो. थोडा वारा गाळून जाऊ द्यायचा, चाळणीसारखा, साधारण निम्मा. तसा दहा फुटी आडोसा असेल तर मागं शंभर फुटांपर्यंत चांगला फरक पडतो, पुढं कमी कमी होत जातो.

धुमारे आले की विरळणी करा. एका बुडख्यावर पंधरा-वीस काड्या येतात, सगळ्या ठेवल्या तर तीन वर्षांनी अंगठ्याएवढंच जळण मिळतं. पावसाळा संपता संपता जोमदार तीन-चार ठेवून बाकी काढा, आणि राखायचे ते शक्यतो वाऱ्याच्या बाजूचे, म्हणजे आमच्याकडं पश्चिमेचे, वारा त्यांना बुडख्यावर दाबतो, मागच्या बाजूचे वारा उचकटून काढतो. नुसता आडोसा हवाय, जळण नको, तर जास्त ठेवा, हरकत नाही. सुबाभळीच्या शेंगा मात्र तपकिरी व्हायच्या आत छाटा नाहीतर पुढच्या वर्षी अंजिरात सुबाभूळच सुबाभूळ.

बंगल्याच्या कंपाउंडला मेंदी किंवा कोयनेल लावून खालून टक्कल पडलंय म्हणणाऱ्यांचं दुखणं थोडं वेगळं आहे. तिथं वरून फुगीर आणि खालून निमुळती छाटणी झालेली असते, खाली ऊनच जात नाही. पावसाच्या सुरुवातीला एकदा धीर करून गुडघ्याखाली उतरवा आणि पुढं नेहमी खाली रुंद, वर अरुंद असा आकार ठेवा. मात्र महापालिकेच्या हद्दीत झाडं छाटायची असली तरी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरी, सोसायटीत कोयता काढायच्या आधी ते बघा. आणि शेतावर १९६४ चा झाडतोड कायदा आहे, त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, ऐन, चंदन अशी झाडं आहेत. गिरिपुष्प-सुबाभूळ त्यात नाही, पण बांधावर साग असेल तर तोडून मग विचारू असं करू नका.

शेवटी जळण, कारण आईची तक्रार बुडख्यांबद्दल नव्हतीच, बंब धुरकटतो ही होती. एप्रिलमध्ये तोडलेलं लाकूड जूनमध्ये पत्र्याखाली गेलं की ते वाळलेलंच नसतं. ढलपी पेटवली की दुसऱ्या टोकातून फेस येतो आणि चुर्र आवाज होतो, म्हणजे तुम्ही पाणी तापवायला आधी लाकडातलंच पाणी उकळताय. ताज्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. जानेवारीत तोडलेलं, हातभर तुकडे करून फोडलेलं, दगडांवर आडवं-उभं रचलेलं मनगटाएवढं लाकूड मे अखेर तयार होतं. टोकाला भेगा पडतात, आणि दोन तुकडे एकमेकांवर मारले की टण्ण वाजतात, ओलं असेल तर भद्द. नीलगिरी ओली असतानाच फोडून घ्या, वाळली की कुऱ्हाड उडते. कण्हेर चुकूनही जळणात टाकू नका, तिचा धूर विषारी. शेर नावाच्या चिकाळ झाडाच्या कुंपणाला हात लावायचा असेल तर डोळ्यांवर चष्मा घाला, चीक डोळ्यात गेला तर दवाखाना. आणि रास जमिनीला टेकवू नका, एक तर वाळवी (ही मात्र खरीच वाळवी), दुसरं म्हणजे पुरंदरच्या त्या दगडधोंड्यांत फुरसं (विषारी साप) असतं, मागच्या पावसाळ्यात खालच्या थरातलं लाकूड ओढलं आणि करवतीसारखा खर्रखर्र आवाज आला, हात आपोआपच मागं आला. तेव्हापासून लाकडं काठीनं आधी हलवतो, पायात बूट असतात आणि आई स्वतः जळण काढायला जात नाही.

या जानेवारीत आतली नाही, बाहेरची ओळ तोडली, अडतीस बुडखे. आज मोजले तर पस्तीस फुटलेत. उरलेल्या तिघांतला एक निंबाकडच्या टोकाला आहे, एकाची साल मीच फाडली, करवत माझ्या हातात होती. तिसऱ्याचं काही कळत नाहीये, चारी बाजूंनी हिरवं आहे, कोंब एक नाही, आणि जुलैचा मध्य अजून यायचाय.